चौदाशे वॉटच्या लाह्या

मंदारनं आयुष्याकडे फार काही मागितलं नव्हतं. त्याला फक्त चपलांपासून सुटका हवी होती.

भोरच्या नीरातीर सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि एक फळा आहे. गणपती असो, कोजागिरी असो की कुणाचं बारसं, हॉलमध्ये काहीही ठरलं की जिन्याखालच्या त्या फळ्यावर कामांची यादी लागते. सजावट कुणाकडे, प्रसाद कुणाकडे, खुर्च्या कुणाकडे. यादीच्या अगदी तळाला, खडू संपत आल्यासारख्या बारीक अक्षरात एक ओळ असते : 'चपलांवर लक्ष – मंदार'.

दोन वर्षांपूर्वी ध्वनिक्षेपक मंदारकडे होता. गणपतीपुढे सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव भाषणाला उभे राहिले. हातातला दुसरा माईक बंद आहे अशा भाबड्या समजुतीनं मंदार शेजारच्याला म्हणाला, "आता हे विसर्जनापर्यंत खाली बसत नाहीत." माईक बंद नव्हता. ते वाक्य चार कर्ण्यांमधून निघून ओढ्यापलीकडच्या भातखाचरांपर्यंत पोचलं. वसंतराव लगेच खाली बसले, पण मंदारला त्यांनी कायमचं चपलांपाशी बसवलं.

"वाईट काय आहे त्यात?" त्याची बायको मिताली म्हणायची. "बसून काम. शिवाय हवेशीर."

मिताली हे मनापासून म्हणायची, आणि तेच मंदारला जास्त लागायचं.

सुटकेची संधी आली ती श्रावणाच्या तोंडावर. महिला मंडळाची बैठक मंदारच्याच घरी होती, कारण मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे त्याच्या मातोश्री, सौदामिनीबाई. मंदार आत चौदा जणींचा चहा गाळत होता. बाहेर अचानक सगळ्या गप्प झाल्या. चौदा बायका एकदम गप्प होतात तेव्हा एकतर कुणीतरी गेलेलं असतं नाहीतर काहीतरी फार मोठं बिनसलेलं असतं. इथं दुसरं होतं. शिवऱ्याच्या धोंडाबाई दरवर्षी नागपंचमीला सोसायटीच्या पूजेसाठी ज्वारीच्या लाह्या फोडून आणायच्या. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी चुलीपाशी जायला सक्त मनाई केली होती.

"पाकीट आणू दुकानातून," कुणीतरी चाचरत म्हणालं.

"पाकिटातल्या लाह्या नागोबाला?" सौदामिनीबाई म्हणाल्या. "त्यावर रेघा रेघांचा शिक्का असतो."

पाकिटाचा विषय तिथंच संपला. अशा वेळी मंदार हातात गाळणी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "लाह्या मी फोडतो. मशीन आणतो."

चौदा माना वळल्या. "कसलं मशीन?"

"पॉपकॉर्नचं. थेटरात असतं तसं, पण लहान. टेबलावर मावतं. पूजेला ज्वारीच्या लाह्या निघतील, मुलांना मक्याच्या. पुढं वाढदिवसाला, गणपतीला, कशालाही कामाला येईल."

गाळणीतून चहा मंदारच्या पायावर ठिबकत होता, पण त्या क्षणी त्याला ते जाणवलं नाही. आपल्याकडे चौदा बायका एकाच वेळी आदरानं बघताहेत हा अनुभव त्याला नवा होता.

संध्याकाळी वसंतरावांनी फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'लाह्या – मंदार'. ठसठशीत, सगळ्यात वर. आणि सगळ्यात खाली : 'चपलांवर लक्ष – रिक्त. (लाह्या यशस्वी न झाल्यास मंदार, कायमस्वरूपी.)'

कंसातल्या त्या शेवटच्या शब्दापाशी मंदार बराच वेळ उभा राहिला. बाकी कशाचं काही होवो, पण कायमस्वरूपी हा शब्द पुसला गेला पाहिजे, असं त्यानं मनाशी ठरवलं.

मंदार एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होता. तेरा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या विसळल्या होत्या. स्वतःचा असा एकही प्रयोग त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्यामुळे मशीनची निवड त्यानं रीतसर प्रयोगवहीत केली. उद्देश : लाह्या फोडणे. साहित्य : ठरायचे आहे. निष्कर्ष : (रिकामी जागा).

यंत्रांचे तीन प्रकार निघाले. पहिलं गरम हवेवर चालणारं. तेल नको, धूर नाही. आकार पाण्याच्या तांब्याएवढा आणि आवाज केस वाळवायच्या यंत्रासारखा. त्यात एका वेळी मूठभर दाणे मावत. चोवीस बिऱ्हाडांना पुरवायचं तर वटपौर्णिमेलाच सुरुवात करायला हवी होती. शिवाय ज्वारीसारखा हलका दाणा त्यातून फुटण्याआधीच उडतो आणि पंख्याला लागतो, असं एका अनुभवी माणसानं मोबाईलवर लिहून ठेवलं होतं. दुसरा प्रकार चाकांच्या गाडीचा, वर लाल छत. दिसायला राजेशाही, पण जिन्यात वळत नव्हता. तिसरं यंत्र टेबलावरचं : काचेची पेटी, आत वरच्या बाजूला टांगलेलं भांडं, भांड्यात फिरणारी दांडी, खाली जाळी. न फुटलेले दाणे जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडणार. आणि फोडलेल्या लाह्या कुरकुरीत राहाव्यात म्हणून पेटीत एक पिवळा, उबदार बल्ब.

मंदार त्या बल्बवरच भाळला. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

शेजारच्यांचे सल्ले न मागता आले. भांडं स्टीलचंच घे, लेपाचं वर्षात खरवडतं. काच जाड घे. मिताली एवढंच म्हणाली, "हे धुणार कोण?" मंदारनं वहीत लिहिलं : 'धुणे – विचाराधीन'. समोरच्या बिऱ्हाडातले कुंडलिकतात्या निवृत्त वायरमन. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वॉट किती?"

"चौदाशे."

कुंडलिकतात्यांनी डोळे मिटले. जवळचं कुणीतरी अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर माणूस मिटतो तसे. "चौदाशे," ते म्हणाले. "घरात इस्त्री एक, धुण्याचं मशीन एक, त्यात हे. मंदारशेठ, तुम्ही लाह्या नाही, फ्यूज फोडणार."

मशीन आलं. डायनिंग टेबलावर विराजमान झालं. सगळ्यांनी चारी बाजूंनी बघितलं आणि मग लक्षात आलं की त्याचा प्लग जाडजूड आहे आणि टेबलाजवळच्या बोर्डात तो शिरत नाही. घरात पॉवर प्लग एकच, न्हाणीच्या दाराशी, कपडे धुवायच्या मशीनला दिलेला. मंदारनं ते मशीन बंद करून त्याच्यावरच पॉपकॉर्नचं मशीन मांडलं. धुण्याच्या मशीनचं झाकण त्याखाली अडकलं, आणि आत त्याची शाळेची पँट होती. पण संशोधकाला एवढं सोसावंच लागतं.

सौदामिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "न्हाणीच्या दाराशी फोडलेल्या लाह्या नागोबापुढे ठेवायच्या?"

"आई, ही नुसती चाचणी आहे."

"चाचणी कर. पण त्यातली एक लाही पूजेला आलेली मला दिसली तर बघ."

ती भीती निराधार ठरली, कारण चाचणीत एकही लाही निघाली नाही. मंदारनं भांड्यात तेल घातलं, डब्यातली ज्वारी घातली, बटण दाबलं. दांडी फिरू लागली. ज्वारी पिवळी झाली, तपकिरी झाली, मग काळी झाली, आणि मग घरभर असा धूर झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "कुणी हरभरे भाजतंय का?" कुंडलिकतात्या लाल बादलीतून वाळू घेऊन धावत आले. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं हे ते तीस वर्षं खांबांवर चढून शिकले होते. आग लागलेली नाही हे मंदार सांगेपर्यंत ओंजळभर वाळू तापलेल्या भांड्यात पडलीही होती.

आणि त्या वाळूत तीन लाह्या फुटल्या. टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र.

मंदार आणि कुंडलिकतात्या त्या तीन लाह्यांकडे बघत राहिले. मोठे शोध असेच अपघातानं लागतात, असं मंदारनं वहीत लिहिलं. मग भांड्यातली वाळू काढायला त्याला दीड तास लागला. ते त्यानं लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटर काढून शिवऱ्याला धोंडाबाईंकडे गेला. धोंडाबाई ओट्यावर बसल्या होत्या. ऑपरेशननंतरचा भलामोठा काळा गॉगल, डोक्यावर पदर, समोर कोंबड्या. एखादी निवृत्त पोलीस अधिकारी बसावी तशा.

"वाळू टाकली तर फुटतात मावशी," मंदार म्हणाला. "पण दांडी अडकते."

"आरं बाबा," धोंडाबाई म्हणाल्या, "जोंधळा तसाच कोरडा टाकलास व्हय त्यात?"

"हो."

"त्याला आदी ऊन पाणी दावायचं. दाणा वल्ला झाला की निथळायचा, फडक्यात गच्च बांदायचा, रातभर ठिवायचा. मंग फुटतुया. कोरडा जोंधळा का म्हनून फुटंल? तुला कुनी झोपंतनं उठवून फुगडी घाल म्हनलं तर घालशील का?"

मंदारनं हे शब्दशः वहीत उतरवलं.

"मी येते फोडायला," धोंडाबाई म्हणाल्या. "चुलीपाशी जाऊ नको म्हनलाय डाक्टर. मशिनीपाशी जाऊ नको म्हनला न्हाई."

आता प्रश्न उरला जागेचा. न्हाणी बाद. हॉलमध्ये पॉवर प्लग नाही. नवा बसवायचा तर हॉलचं वायरिंग ही सामायिक सुविधा, म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि सर्वसाधारण सभा सप्टेंबरात. नागपंचमी तोवर थांबणार नव्हती. सोसायटीत आणखी एकच पॉवर प्लग होता, मागं ओढ्याकाठच्या पंपघरात, बोअरच्या मोटरशेजारी.

"अर्ज द्या," वसंतराव म्हणाले. "विषय स्पष्ट लिहा."

मंदारनं लिहिलं : 'विषय : लाह्या फोडण्यासाठी पंपघर मिळणेबाबत.' वसंतरावांनी तो अर्ज तीनदा वाचला. 'मिळणेबाबत'च्या जागी 'तात्पुरते मिळणेबाबत' असं करून आणायला सांगितलं. मग खाली तांबड्या शाईनं शेरा मारला : 'परवानगी. मोटर व लाह्या एकाच वेळी चालवू नयेत. पाण्याची वेळ सायंकाळी पाच. खिडकीस काच नाही याची अर्जदारास जाणीव आहे.'

ती जाणीव अर्जदाराला होती. फक्त तिचा अर्थ त्याला अजून कळायचा होता.

एवढ्यात महिला मंडळातून नवा पेच आला. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. मग हे मशीन कशात बसतं?

"त्यात तेल घालतोस, म्हणजे तळणं," एकजण म्हणाली.

"दोन चमचे तेलात कोण तळतं? ते परतणं झालं," मितालीनं बाजू घेतली.

"परतायला काय लागतं? तवा. म्हणजे हा तवाच."

"तवा सपाट असतो हो. हे खोल आहे, आणि टांगलेलं आहे."

शेवटी सगळ्यांनी सौदामिनीबाईंकडे बघितलं. त्यांनी मशीनला एक प्रदक्षिणा घातली, भांड्यात वाकून बघितलं आणि निकाल दिला. "खालून तापतं, वर धान्य भाजतं. याला तवा नाही म्हणायचं तर काय पंखा म्हणायचं? लाह्या आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत फोडायच्या. सणाच्या दिवशी त्या भांड्याला ऊब लागता कामा नये."

"पण आई, पावसाळी हवा आहे. आदल्या दिवशीच्या लाह्या सादळतील. बल्ब तरी चालू ठेवावा लागेल."

पुन्हा पेच. बल्ब म्हणजे अग्नी की उजेड?

"बल्ब म्हणजे दिवा," सौदामिनीबाई म्हणाल्या. "सणाला दिवा लावायला कोण अडवतंय?"

मंदारला वाटलं, आईला योग्य वेळी योग्य संधी मिळाली असती तर ती हायकोर्टात असती.

आदल्या दिवशी दुपारी पंपघरात कामाला सुरुवात झाली. धोंडाबाई रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या, गॉगल लावून, मशीनकडे पाठ करून. "डोळ्यानं काय करायचं हाय? लाही कानानं फोडत्यात," असं त्यांचं म्हणणं होतं. मंदारनं ज्वारी घातली. थोडा वेळ नुसती दांडी खरवडत राहिली. मग एक फट्. मग दोन. मग पंपघराच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ताशा सुरू झाला, आणि भांड्याच्या झाकणाखालून पांढरी लाही उसळून काचेच्या पेटीत सांडायला लागली.

"थांब... थांब... आता वत!" धोंडाबाई ओरडल्या.

मंदारनं भांडं उलटं केलं. करपलेला एक दाणा नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुरामुळे होतं.

काम इतकं रंगात आलं की पाच कधी वाजले ते कळलंच नाही. मोटर आणि लाह्या एकाच वेळी चालवायच्या नव्हत्या, आणि मंदारनं अट पाळली : त्यानं मोटर चालवली नाही. सव्वापाचला चोवीस बिऱ्हाडांचे नळ कोरडे पडले. साडेपाचला वसंतराव गॅलरीत आले, निम्म्या गालाला दाढीचा फेस, अंगावर पंचा.

"पाणी!"

"शेवटचे दोन घाणे!" मंदार खालून म्हणाला.

"नियम वाचलेत का शेऱ्यातले?"

"नियम पाळतोय!"

दिवेलागणीच्या आत पेटी गच्च भरली. मंदारनं बल्ब लावला. पेटीत वाफ कोंडू नये म्हणून मागचं झापड बोटभर उघडं ठेवलं. हे माहितीपत्रकातच लिहिलं होतं. मग सौदामिनीबाईंचा हिरवा शालू मशीनवर पांघरला, कारण दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये रीतसर अनावरण व्हायचं होतं. पंपघराला कुलूप लावलं. खिडकीला काच नव्हती, पण लाह्या कोण चोरणार?

नागपंचमीच्या सकाळी मंदार आणि कुंडलिकतात्या मशीन उचलायला गेले.

"लाह्या लई जड झाल्यात रे," कुंडलिकतात्या हॉलच्या पायरीवर धापा टाकत म्हणाले.

मंदारनं मशीन पायरीवर टेकवलं. "ओल धरली असेल. सादळल्या बहुतेक."

"मग गेलास तू चपलांवर."

हॉल नटला होता. पाटावर गंधानं नाग काढला होता, पुढं दूध, फुलं, हळदकुंकू. बायका नव्या साड्यांत. पुरुष मागच्या भिंतीला टेकून, पुरणाच्या दिंडांच्या जेवणाची वाट बघत. दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि त्याच्याजवळची खुर्ची दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळी. मंदारनं तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. कुंडलिकतात्यांनी कसलीशी जोडपिन लावून मशीनचा प्लग साध्या बोर्डात बसवला ("बल्बापुरतंच हां, भांड्याच्या बटणाला हात लावाल तर सोसायटी काळोखात"), आणि शालूआडून पिवळा उजेड झिरपू लागला. सगळ्यांच्या तोंडून एकदम "अहा" निघालं.

वसंतरावांनी माईक घेतला. यंत्रयुग, परंपरा, सोसायटीची वाटचाल आणि काल सायंकाळी झालेली पाण्याची गैरसोय असं करत करत ते वीस मिनिटांनी मंदारपर्यंत आले. "काही माणसं," ते म्हणाले, "उशिरा का होईना, चपलांमधून वर येतात."

टाळ्या वाजल्या. मंदारनं मान किंचित झुकवली. सौदामिनीबाई पुढं झाल्या आणि त्यांनी शालू ओढला.

पेटीत शुभ्र लाह्यांचा ढीग. त्यावर पिवळाधमक उजेड. आणि ढिगाच्या मधोमध, तीन वेटोळी घालून, मान वर काढून, बसलेला नाग.

 सौदामिनीबाईंनी शालू छातीशी धरला. "मंदार," त्या म्हणाल्या, "सजावट पण केलीस? मला बोललाही नाहीस."

"किती खरा वाटतो हो!" एकजण म्हणाली. "रबराचा आहे का?"

"ऑनलाईन मिळतात," दुसरी म्हणाली. "पण एवढा मोठा नाही मिळत."

मंदारला खुलासा करायचा होता. पण अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या माणसांनी एकदम त्याचं कौतुक चालवलं होतं, आणि ते मधेच तोडणं त्याच्या जिवावर आलं. तेवढ्यात सजावटीनं जीभ बाहेर काढली.

त्यानंतर जे झालं ते नीट क्रमानं सांगणं अवघड आहे. मागच्या भिंतीला टेकलेले पुरुष सगळ्यात आधी बाहेर पडले. बायका दोन पावलं मागं सरल्या आणि तिथंच हात जोडून उभ्या राहिल्या. वसंतराव खुर्चीवर चढले. त्यांच्या हातात माईक होता, आणि तो बंद नव्हता.

"आई गं! माझी चप्पल! माझी चप्पल कुठंय रे!"

चार कर्णे. ओढ्यापलीकडची भातखाचरं. लावणीला वाकलेल्या बायका ताठ उभ्या राहून सोसायटीकडे बघायला लागल्या.

या सगळ्या गोंधळात फक्त धोंडाबाई शांत होत्या. गॉगल कपाळावर चढवून त्या पेटीपाशी गेल्या, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाल्या, "नाग न्हाई ह्यो. धामण हाय. काय करत न्हाई. पंपाच्या खोलीत काल उंदीर बगितला म्या, त्येच्या मागनं आली आसंल. हितं ऊब गावली, बसली."

"मावशी!" मंदार म्हणाला. "उंदीर बघितलात तर काल बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस व्हय? तू लाह्यांचं इचारलंस."

सर्पमित्र अमृतला फोन गेला. त्याच्यासाठी नागपंचमी म्हणजे दिवाळी. तो दोन ठिकाणं उरकून तासाभरानं आला. तोवर पूजा झाली. पाटावरच्या गंधाच्या नागाकडे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. अमृतनं आल्या आल्या सगळ्यांना हात वर करून थांबवलं.

"हळदकुंकू नको, काकू. दूध पण नको. साप दूध पीत नाही."

"मग लाह्या?"

"लाह्या पण नाही. ती उंदीर खाते."

नैवेद्याच्या बाबतीत महिला मंडळ कुठंही कमी पडत नाही, पण इथं मंडळाचा नाइलाज झाला. अमृतनं मागचं झापड वर केलं, शांतपणे हात घातला आणि सहा फुटांची धामण अलगद पिशवीत उतरवली. तो निघाला तसे वसंतराव खुर्चीवरून उतरून पुढं आले.

"सोसायटीच्या आवारातून नेताय. पोच द्या."

अमृतनं वनखात्याला कळवायच्या वहीत नोंद केली आणि वसंतरावांना एक चिठ्ठी दिली : 'धामण एक, मिळाली.' ती आजही सोसायटीच्या फायलीत आहे.

मग सगळे घरी जायला निघाले आणि खरं संकट तेव्हा समोर आलं. पुरुषमंडळी बाहेर पळाली होती ती चपलांच्या ढिगावरून. साठ-सत्तर जोड पायऱ्यांवर, चिखलात, गटारात, कुंड्यांमधे विखुरले होते. एकाची डावी दुसऱ्याच्या उजवीवर. कुणाला काही ओळखू येईना. राखण करणारी खुर्ची रिकामी होती. कुंडलिकतात्या स्वतःच्या पायात एक स्वतःची आणि एक बायकोची घालून दहा मिनिटं फिरत होते.

मंदार पायरीवर उभा होता. पेटीतल्या लाह्यांना आता कुणी हात लावणार नाही हे त्याला कळलं होतं. त्या यशस्वी झाल्या की नाही हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. तो वाकला. एक चप्पल उचलली.

"वसंतकाका, ही तुमची. तुमची डावी टाच बाहेरून झिजते." दुसरी उचलली. "ही तात्यांची, अंगठा शिवलाय. ही देशपांडेकाकूंची, यांना नेहमी एकावर एक काढायची सवय. हे दोन जोड दोघा भावांचे, सारखे दिसतात, पण धाकटा बंद आत दुमडून घालतो."

पंधरा मिनिटांत प्रत्येक पाय आपापल्या चपलेत होता. वसंतराव आपल्या डाव्या टाचेकडे बघत म्हणाले, "हे तुला कसं ठाऊक?"

"दोन वर्षं बघतोय," मंदार म्हणाला.

मिताली हॉलच्या दारात उभी होती.  मशीनचं भांडं घरी नेऊन तिनं ते स्वतःहून धुतलं, आणि मंदारच्या मते या लग्नात याहून मोठं काही तिनं आजवर केलेलं नव्हतं.

ते भांडं मात्र पुन्हा तापलं नाही. ज्या पेटीत साक्षात नागदेवता येऊन बसली तीत पॉपकॉर्न फोडायचं? सौदामिनीबाईंनी हा प्रश्न विचारण्यापुरताच विचारला. धामण आणि नाग यांतला फरक अमृतनं दोनदा समजावून सांगितला, पण तोवर पेटीवर हळदकुंकू पडलं होतं. मशीन हॉलच्या कोपऱ्यात पाटावर ठेवलं आहे. बल्ब चालू असतो. सप्टेंबरातल्या सर्वसाधारण सभेत हॉलला नवा पॉवर प्लग मंजूर झाला, आणि त्याच ठरावात तो या पेटीला वापरू नये असंही मंजूर झालं. श्रावण संपला तरी शनिवारी-रविवारी माणसं येतात. नसरापूरची, कामथडीची, एकदा तर पानशेतहून एक टेम्पो भरून आली.

फळ्यावरची यादी वसंतरावांनी नव्यानं लिहिली. कंस पुसला. 'चपला विभाग, प्रमुख – मंदार' ही ओळ आता सगळ्यात वर असते. सुटका झाली नाही. बढती झाली, आणि दोन्हींतला फरक काय हे त्यानं प्रयोगवहीत निष्कर्षाच्या जागी लिहायचं ठरवलं आहे. ती जागा अजून रिकामी आहे.

परवाच्या रविवारी कामथडीचे एक सद्गृहस्थ आले. दर्शन घेण्याआधी काचेत बघत बराच वेळ उभे राहिले. भांडं बघितलं, दांडी बघितली, जाळी बघितली. मग दाराशी खुर्चीवर बसलेल्या मंदारजवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, आमच्या नातवाचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात. असलंच मशीन घ्यावं म्हणतोय. तुमचा अनुभव काय? चांगलं आहे का?"

मंदारनं त्यांच्याकडे बघितलं. बल्बकडे बघितलं. मग खाली, त्यांच्या पायांकडे.

"आधी चप्पल काढा," तो म्हणाला.